पाणी उतरलं तर

चिलोएच्या बेटांवर आम्ही गेलो तेव्हा
अकराजणांत एकालाच पोहता येत होतं,
तेही तळाशी निळ्या फरशा असल्या तर.
बाकीची आम्ही तेमुको शहरातली पोरं,
पाणी पुलावरून पाहिलेली.

बाउदिलिया नाउतो. वय विचारायची सोय नव्हती.
लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली,
बोटांवर शिंपल्यांचे जुने ओरखडे.
पहिल्या दिवशी तिनं होडीला हात लावू दिला नाही.
म्हणाली, आधी विस्तव पेटवा.
तिथलं लाकूड बाराही महिने ओलं.
दुपारपर्यंत आम्ही नुसता धूर खाल्ला.
मग तिनं एक ओंडका उभा चिरला
आणि आतली फिकट ढलपी माझ्या गालाला लावली :
कोरडी.
"पोटात थोडं राखून ठेवतं झाड," ती म्हणाली,
आणि चहाचं आधण ठेवायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वल्ही.
येर्को आमच्यात दांडगा,
वल्हं असं खुपसायचा की होडी जागच्या जागी गरगरायची.
"कुस्ती कुणाशी खेळतोस?
त्याला तर तुझं नावही ठाऊक नाही."
वर्गात कधी तोंड न उघडणारी आयलीन
नाळेवर बसून ताल मोजू लागली,
एक... एक... एक...
दोनपर्यंत ती गेलीच नाही,
आणि आम्ही सरळ निघालो.
मग मुद्दाम होडी उलटवायची.
त्या गारठ्याबद्दल मी काही सांगणार नाही.
छातीतून निघालेला आवाज माझा नव्हता, एवढंच.

तिसऱ्या दिवशी गाठ.
"हे दार. म्हातारी दारातून बाहेर येते,
लाकडांच्या राशीला वळसा घालते,
थंडी वाजते, पुन्हा त्याच दारानं आत."
शंभरदा म्हातारी बाहेर काढली मी, शंभरदा आत घातली.
झोपेतही बोटं हलत होती म्हणे.
म्हणून संध्याकाळी धक्क्याच्या खांबाला
होडी बांधायचा मान मला मिळाला.
भरती काठोकाठ. होडी धक्क्याला खांदा लावून उभी.
मी दोर आखूड घेतला, नेटका,
कुणीही बघून वा म्हणावं असा.

सकाळी समुद्र नव्हता.
होता, पण लांब, करड्या चिखलापलीकडे एक रेघ.
आणि आमची होडी नाकानं लटकलेली,
गळाला लागलेल्या माशासारखी,
वरामा चिखलात, वल्ही घरंगळून कुठल्या कुठे.
सगळे माझ्याकडे बघत होते.
येर्कोनं सुरी काढली.
बाउदिलियानं ती त्याच्या हातातून घेतली
आणि त्याच सुरीनं पाव कापायला बसली.

तिनं दोर चाचपला. तारेसारखा ताठ.
"गाठ बरोबर आहे," ती म्हणाली. "हिशेब चुकला."
"मग आता?"
"आता तो येईल."

सहा तास.
आम्ही चिखलात शिंपले खणले,
वल्ही शोधली, एकाचं पातं तडकलेलं.
पाऊस आला, गेला, पुन्हा आला.
मी खांबापाशीच बसून राहिलो.
पाणी चाहूल न देता आलं.
आधी बुटाच्या ठशांत,
मग वराम्याखाली,
मग होडीनं एक लांब उसासा टाकला आणि आडवी झाली.
सकाळभर लोखंड झालेली ती गाठ
माझ्या दोन बोटांत सुटली.
"बघ," बाउदिलिया म्हणाली. आणखी काही नाही.

आता मी कालामाला असतो, वाळवंटात,
तांब्याच्या खाणीवर ट्रक चालवतो.
पाऊस इथे ऐकीव गोष्ट.
पाण्याची टाकी ट्रकला बांधतो तेव्हा
म्हातारी अजून दारातून बाहेर येते, आत जाते.
नंतर छावणीच्या कुत्र्याला खांबाला बांधतो,
तर दोर दोन वाव जास्तीचा सोडतो.
नवा पोरगा सेगुंदो परवा विचारत होता,
एवढा ढिला कशाला?
तोंडात खिळा धरला होता मी,
तसाच म्हणालो :
पाणी उतरलं तर.